तळहातावरची राख

गेल्या ३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी रात्री, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका रेस्टॉरंटच्या बेसिनपाशी एक बाई डावा तळहात उताणा धरून उभ्या होत्या. नळ बंद होता. उजव्या हातातल्या टिश्यू पेपरवर त्या तळहातावरची राख बोटाच्या कडेनं हळूहळू ओढत होत्या, एकही कण खाली पडू नये अशा बेतानं. थोड्याच वेळापूर्वी ती राख मीच त्यांच्या हातावर आणली होती. हॅलोवीनच्या रात्री टेबलाटेबलावर जाऊन जादू करण्यासाठी मला तिथे बोलावलं होतं, आणि मी हात धुवायला म्हणून आत आले होते. मला पाहून त्या जराशा संकोचल्या. मग म्हणाल्या, “ताई, ही घरी नेली तर चालेल ना?” मला पटकन अर्थच लागला नाही. “मुलगा रात्री दचकून उठतो. दोन-तीन महिने झाले. कपाळाला लावीन म्हणते.” मी त्यांना सांगितलं की ही साध्या कागदाची राख आहे, वहीच्या पानाची. ती माझ्या बोटाला होती आणि तुमच्या हाताला माझा हात लागला तेव्हा मी ती तिथे ठेवली. कधी ठेवली, कशी ठेवली, तेही तिथेच बेसिनच्या कडेला उभं राहून करून दाखवलं. त्यांनी अगदी लक्ष देऊन पाहिलं. कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “हो का,” त्या म्हणाल्या, “किती हलका हात आहे तुमचा.” डॉक्टरांना दाखवलंत का, असं विचारलं तर म्हणाल्या, दाखवलंय, औषध चालू आहे. मग टिश्यूच्या चारही बाजू दुमडून त्याची छोटी पुडी केली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन ओढली.

पुडी त्यांनी नेलीच.

त्यांना काही ठाऊक नसताना ती नेली असती तर मला सोपं गेलं असतं. समजावून सांगितलं, गैरसमज गेला, विषय संपला. पण सगळं कळल्यावर, राख कुठून आली हे डोळ्यांनी पाहिल्यावरही ती त्यांना हवी होती, आणि हे माझ्या मनातून काही केल्या जात नाही. त्या बाई भाबड्या वाटल्या नाहीत. बिल त्यांनीच पाहिलं, त्यातली एक चूक काढून वेटरला शांतपणे दाखवली. अशा माणसाला त्या राखेत काय दिसलं असेल, याचा विचार मी नंतर घरी जाताना केला, आणि तेव्हापासून करतेच आहे.

रेस्टॉरंटातली जादू वेळेच्या फटीत करायची असते. ऑर्डर गेलेली आहे, स्टार्टर यायचं आहे, गप्पा जरा मंदावल्या आहेत आणि मोबाइल बाहेर निघायच्या बेतात आहेत, नेमक्या त्या क्षणी टेबलापाशी जायचं. आधी वेटरशी डोळ्यांनीच बोलणं होतं, कारण माझ्यामुळे त्याचा सिझलर थांबला तर चूक त्याच्यावर येते. रंगमंचावरच्या जादूगाराला पडदा असतो, दिवे असतात, सहायक असतात आणि मुख्य म्हणजे अंतर असतं. इथे लोकांच्या नाकापासून माझी बोटं वीतभर लांब. पत्ते ओल्या ग्लासाखालच्या पाण्याला चिकटतात, कुणाच्या हाताला लोणी असतं, कुणाच्या हाताला हिरव्या चटणीचा वास. लोकांचे हात हाताळता हाताळता मला आता चेहऱ्याआधी हात वाचायची सवय लागली आहे. हात पुढे करा म्हटलं की काही जण झटकन करतात, काही जण आधी शेजारच्याकडे पाहतात. काहींचा तळहात गार आणि घामेजलेला असतो, आणि तो माणूस हसत असला तरी त्याच्या हाताला मी काय करणार याची खरीखुरी धास्ती असते. त्या बाईंचा हात तसाच होता.

ही कला ज्यांनी लिहून ठेवली त्यांनी ती कोट घालणाऱ्या पुरुषांसाठी लिहिली, हे मला फार लवकर कळलं. डाव्या खिशात हे ठेवा, बाहीत ते सरकवा, आतल्या खिशातून पाकीट काढा. कुर्त्याला खिसा असतो का? मी पंचवटीतल्या आमच्या शिंप्याकडून कुर्त्यांना आतून खिसे लावून घेतले. कुठे आणि किती खोल ते त्याला मापासकट सांगितलं, आणि त्याने का म्हणून एकदाही विचारलं नाही. उजव्या हातातली बांगडी उतरवली, कारण पत्ता तळव्यात लपवताना तिचा आवाज चुगली करतो. डाव्या हातातली ठेवली, कारण लोकांनी तिकडे पाहायला हवं असतं. नाणं पाम करायला मी सिटी बसमध्ये शिकले. एका हातानं दांडा धरायचा आणि दुसऱ्या हातात पाच रुपयांचं नाणं तळव्याच्या स्नायूंत धरून ठेवायचं, मध्यवर्ती बसस्थानकापासून घरापर्यंत. हात नैसर्गिक दिसला पाहिजे. नाणं धरलेला हात कपाळावरचा केस मागे सारू शकला तरच ते जमलं असं म्हणायचं.

हॅलोवीनसाठी म्हणून जो कार्यक्रम बसवला त्यात वेगळं फार काही नव्हतं. स्पंजचे लाल चेंडू असतात त्याऐवजी भोपळ्याच्या रंगाचे घेतले, एकाचे दोन, दोनाचे चार लहान मुलांच्या मुठीत होतात. एक लांब दांड्याची गंजलेली किल्ली आहे, जुन्या वाड्याच्या कुलपाची, भंगारवाल्याकडून घेतलेली. ती उघड्या तळहातावर ठेवली की सावकाश आपणहून कूस बदलते. आणि शेवटी राख. एका चिठ्ठीवर काही लिहायचं, चिठ्ठी घडी करून स्टीलच्या वाटीत जाळायची, आणि ज्यानं लिहिलं त्याच्या बंद मुठीत, तळहातावर, राख उमटलेली सापडते. जगभरातल्या जादूगारांनी ही करामत पिढ्यानपिढ्या टेबलावरच्या ॲशट्रेतल्या राखेनं केली आहे. आपल्याकडे २००८ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम आले, ॲशट्रे टेबलावरून गेले, त्यामुळे राख आपली आपण तयार करावी लागते. भस्सकन पेटून नाहीसा होणारा जादूचा खास कागद मिळतो, पण तो इथे कामाचा नाही, त्याची राखच उरत नाही. वहीचं पान बरं. त्याचा जळका वास टेबलावर रेंगाळतो आणि निम्मं काम तो वासच करतो.

त्या संध्याकाळी मी लवकर पोहोचले तेव्हा दारावर प्लास्टिकचा सांगाडा टांगायचं काम चाललं होतं. टांगणाऱ्या मुलानं खिळा शोधला, तर तिथे आधीच लिंबू-मिरची होती, शनिवारची, मिरच्या सुरकुतलेल्या. त्यानं ती काढली नाही. दुसरा खिळा ठोकला आणि सांगाडा जरा बाजूला लावला. आत किचनमध्ये भोपळे कोरायचे होते. हॅलोवीन मूळचा आयर्लंडकडचा, तिथे शलगम कोरत, अमेरिकेत गेल्यावर लोकांना भोपळा सापडला. आपल्याकडे लाल डांगर बाजारात बारमाही, तेव्हा अडचण काहीच नव्हती. पण भांडी घासायला असलेल्या मावशींना मॅनेजरनं सुरी दिली तर त्या मागे सरल्या. अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिला घाव घालायचा नसतो. तंदूरवरच्या मुलाला हाक मारली, त्यानं एक खाच पाडली, आणि मग मावशींनी सफाईनं तिन्ही भोपळ्यांचे डोळे, नाक, दात कोरून काढले. मी कोरलेले त्यांच्याइतके सुबक झाले नसते. माझ्या आजीनंही कधी पहिला घाव घातला नाही, घरात पुरुष नसला तर शेजारच्या मुलाला बोलावून आणायची. दिवे मंद केले, भोपळ्यांत मेणबत्त्या लावल्या, आणि एकाच दाराशी दोन भीत्या शेजारी शेजारी लटकू लागल्या. सांगाडा गमतीचा होता. लिंबू-मिरची गमतीची नव्हती.

मग मॅनेजरनं मला टोकदार काळी टोपी दिली. चेटकिणीची. सगळ्या वेट्रेसना दिली होती, मुलींनी घालून सेल्फीही काढले होते, छान दिसत होत्या. मी नको म्हटलं. तो चांगला माणूस आहे, त्यानं आग्रह केला नाही, पण का ते त्याला कळलं नाही आणि सर्व्हिस सुरू व्हायच्या तोंडावर ते सांगण्यासारखं नव्हतं.

माझं लहानपण पेठ तालुक्यात गेलं. बाबा आश्रमशाळेत शिक्षक होते. नाशिकहून पेठला जाताना सावळघाट लागतो, तो उतरला की हवा बदलते, उतारांवर नागलीची आणि वरईची शेतं दिसू लागतात. आमच्या शाळेजवळच्या एका पाड्यावर एक म्हातारी एकटी राहायची. तिला डाकीण म्हणत. मुलं तिच्या घरावरून जाताना पळत. कुणाचं जनावर मेलं, कुणाचं मूल तापलं की भगत तांदळाचे दाणे टाकून बघे आणि बोट बऱ्याचदा तिच्याकडे वळे. भगत वाईटच असे असं मी म्हणणार नाही, झाडपाल्याची खरी औषधं त्याला ठाऊक होती आणि लोकांना जवळ तोच होता, दवाखाना लांब होता. पण एका पावसाळ्यात त्या म्हातारीला पाड्यातून जावं लागलं. तिचं सामान एका गाठोड्यात होतं. बाबा मध्ये पडले, बोलले, भांडले, त्याचा उपयोग झाला नाही. आज कायद्यानं एखादीला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणं हा गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि वर्षानुवर्षं रखडलेला तो कायदा त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम म्हणून निघाला. खुनाची बातमी आली त्या दिवशी बाबा रेडिओ बंद करून अंगणात जाऊन बसले होते. त्यांना मी तसं बसलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. ती टोपी घालून नाचणाऱ्या मुलींवर माझा काडीचाही राग नाही. त्यांच्यासाठी ती टोपी नुसती टोपी आहे आणि तशीच ती राहावी. फक्त इथून पेठकडे दोन तास गेलं की ती नुसती टोपी राहत नाही, आणि मी त्या बाजूनं आलेली आहे.

मला जादू बाबांनीच शिकवली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कारांचं सादरीकरण करत फिरायचे, बाबा त्यांच्यात होते. आठवडेबाजाराच्या दिवशी एका खाटेवर पांढरं कापड अंथरायचं. नारळाच्या शेंडीत आधीच पोटॅशियम परमँगनेटची पूड ठेवलेली असे. वरून तूप म्हणून ग्लिसरीन ओतायचं, मंत्र पुटपुटायचा आणि थांबायचं. काही सेकंद काही होत नसे, तोवर गर्दीतला आवाज बारीक होत होत थांबायचा, आणि मग नारळातून धूर, आणि मग ज्वाळा. हळदीचं पाणी चुन्याच्या निवळीत पडलं की रक्तासारखं लाल व्हायचं. मी सात-आठ वर्षांची असेन, मला वाटीत निवळी आणून द्यायचं काम होतं. नारळ पेटला की बायका हात जोडायच्या. त्याच क्षणी बाबा म्हणायचे, “हात जोडू नका, इकडे या, वास घ्या याचा.” आणि मग सगळं उलगडून सांगायचे, पूड दाखवायचे, गर्दीतल्याच एखाद्या पोराकडून तो नारळ पुन्हा पेटवून घ्यायचे. कामाचा गाभा तोच होता. पुढच्या वेळी कुणी बाबा-बुवा नारळ पेटवून दक्षिणा मागेल तेव्हा त्या पोरानं पुढे होऊन म्हणायला हवं, मलाही येतं हे.

मी हे कधी बाबांना त्या वयात सांगितलं नाही, पण उलगडा झाला की मला आतून रितं वाटायचं. नारळ पेटायच्या आधीचे ते काही सेकंद मला हवे असायचे. सगळा बाजार एका नारळाकडे बघतोय, मिरचीवाली बघतेय, बैल विकायला आलेला बघतोय, आणि कुणालाच पुढचं माहीत नाही. त्या सेकंदांत भीतीही असते आणि मजाही असते आणि त्या दोन्हींना वेगळं करता येत नाही. मोठी झाल्यावर मी नाशिकला आले, नोकरी करता करता संध्याकाळी जादू करू लागले, ती त्या सेकंदांसाठी. बाबांची जादू उलगड्याला येऊन थांबायची. माझी त्याच्या एक पायरी अलीकडे थांबते. आमच्यातला वाद एवढाच आहे, आणि तो फार जुना आहे.

३१ ऑक्टोबर ही जादूगारांसाठी आणखी एका कारणानं मोठी तारीख आहे. १९२६ मध्ये याच दिवशी डेट्रॉइटच्या इस्पितळात हॅरी हुदिनी गेला. बेड्या, पेट्या, कुलपं यांतून सुटणारा म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. बाबांना मात्र तो दुसऱ्या कारणासाठी आवडतो. आयुष्याची अखेरची वर्षं हुदिनीनं मेलेल्यांशी बोलणं करून देणाऱ्या माध्यमांचा खोटेपणा उघडा पाडण्यात घालवली. वेशांतर करून तो त्यांच्या बैठकांना जायचा, आणि १९२४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या बक्षिसासाठी त्यांची तपासणी करणाऱ्या समितीतही होता. मागे एक दुखरी गोष्ट होती. त्याची आई १९१३ मध्ये गेली आणि ते दुःख त्याच्यानं आवरलं नाही. १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचा जन्मदाता आर्थर कॉनन डॉयल, जो डॉक्टर होता आणि हुदिनीचा मित्रही, त्यानं आपल्या बायकोमार्फत हुदिनीच्या आईचा संदेश मिळवून दिला. बाईंनी भराभर पानंच्या पानं लिहिली. सुरुवातीला क्रूस काढलेला आणि भाषा इंग्रजी. हुदिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको होती, आणि मुलाशी ती इंग्रजीत बोलत नसे. एखाद्याला आईचा आवाज ऐकायचाच असावा, त्यासाठी जीव टांगलेला असावा, आणि तरीही त्यानं स्वतःशी खोटं बोलू नये, हे मला त्याच्या कुठल्याही सुटकेपेक्षा अवघड वाटतं.

तो गेल्यावर त्याची बायको बेस दर हॅलोवीनला बैठक भरवायची. दोघांत एक सांकेतिक मजकूर ठरला होता, परत येता आलं तर तो तेवढाच बोलणार होता. दहा वर्षं तिनं वाट पाहिली. शेवटची बैठक १९३६ मध्ये हॉलीवूडमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर झाली, काही ऐकू आलं नाही, आणि त्यानंतर तिनं ते थांबवलं. खोटी माध्यमं उघडी पाडणाऱ्या माणसाच्या घरात हे चाललं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विसंगती वाटली होती.

आता वाटत नाही, कारण मी रामकुंडावर बाबांना पाहिलं आहे. आजीच्या दहाव्याला. बाबांना दशक्रिया नको होती, काकांना हवी होती, आणि आजीनं स्वतः सांगून ठेवलं होतं की माझं सगळं गोदावरीवर करा. बाबांनी मान हलवली आणि आले. पिंड ठेवला. त्या दिवशी घाटावर इतके पिंड होते की कावळ्यांना कुणाचीच निकड नव्हती. ओल्या दगडांचा, फुलांचा, शिजल्या भाताचा वास, मागे भेळभत्त्याची गाडी, पलीकडे कुणाचं तरी मूल पाण्यात उतरण्यासाठी हट्ट धरून रडतंय. काका एकेक गोष्ट कबूल करत होते, तिच्या गाईला सांभाळू, धाकट्या आत्याला माहेर तुटू देणार नाही. कावळा जवळच्या कठड्यावर बसून मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. उन्हं चढली. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तसा इलाज असतोच. आणि तेवढ्यात मला बाबांचे ओठ हललेले दिसले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, मी विचारलंही नाही. कावळा आला नाही. शेवटी दर्भाचाच शिवला. घरी येताना बाबा गाडीत पक्ष्यांच्या सवयींबद्दल बोलत होते, माणसांच्या गर्दीला ते कसे सरावतात वगैरे, आणि सगळं बरोबरच होतं.

म्हणून मी मेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहायला सांगत नाही. सांगणारे आहेत. माझ्या ओळखीचा एक चांगला जादूगार हॅलोवीनला नेमकं तेच करतो, गेलेल्या माणसाचं नाव लिहा म्हणतो, चिठ्ठी जाळतो आणि ते नाव सांगतो. त्याच्या टेबलावर लोक रडतात. तो म्हणतो की यापेक्षा मोठी दाद नाही. मला ती दाद नको आहे. ते अश्रू आपल्या कसबाचे नसतात. ते त्या माणसाचे स्वतःचे असतात, त्यानं ते कुठेतरी बांधून ठेवलेले असतात आणि आपण चोरवाटेनं जाऊन ती गाठ सोडतो. मी लोकांना म्हणते, ज्याची भीती वाटते ते एका शब्दात लिहा. मग पाल येते, गणिताचा पेपर येतो, झुरळ येतं, एकदा एका आजोबांनी “सूनबाई” लिहिलं आणि अख्खं टेबल हसलं, सूनबाई सगळ्यांत जास्त. चिठ्ठी जळायच्या आधी मी ती वाचलेली असते, ते कसं ते राहू दे. त्या बाईंच्या चिठ्ठीवर “रात्र” लिहिलेलं होतं. मला वाटलं, वा, हॅलोवीनला साजेसा शब्द.

एकदा वाटतं, हा सगळा प्रश्न शिक्षणाचा आहे, लोक शिकले की जादू ही जादूच राहील. पण तसं दिसत नाही. कॉनन डॉयल शिकलेला नव्हता का? आणि एप्रिल १९५६ मध्ये जादूगार पी. सी. सरकारांनी लंडनला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात फिरत्या करवतीनं मुलीला कापायचा प्रयोग केला. प्रयोग झाल्यावर ती लगेच उठली नाही, तेवढ्यात निवेदक पुढे आला आणि कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. मुलगी मेली असं समजून घाबरलेल्या लोकांच्या फोनांनी बीबीसी हैराण झाली. सरकार दुसऱ्या दिवशी लंडनभर गाजले. माणूस दिवसभर शहाणा असतो आणि एका क्षणी, दिवे मंद झाल्यावर, हात कुणाच्या तरी हातात असताना, त्याचं शहाणपण थोडं बाजूला सरकतं. माझा सगळा धंदा त्या सरकण्यावर चालतो. ते सरकणं मला सुंदर वाटतं, आजही. प्रश्न एवढाच की ते परत जागेवर यायला मी मदत करते का, आणि मी न करता निघून गेले तर त्या फटीतून दुसरं कोण आत शिरतं.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते आता निवृत्त आहेत, इंदिरानगरला आमच्याजवळच राहतात, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी मारून आले की चहा घेत घेत वाद घालायला मोकळे असतात. म्हणाले, “सांगून टाक सगळ्यांना. प्रत्येक टेबलावर. लपवायचं कशाला?” मी म्हटलं, मग ती जादू राहणार नाही, प्रात्यक्षिक होईल. “होऊ दे की.” मी म्हटलं, बाबा, सांगूनही त्या बाईंनी पुडी नेली. तेव्हा ते गप्प झाले. बराच वेळ बशी फिरवत राहिले. मग म्हणाले, “तिला सांगणारं दुसरं कुणी नसेल. मुलगा रात्री उठतो तेव्हा तिच्या हातात काहीतरी असायला हवं असेल.” हे वाक्य बाबांकडून येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी लगेच पुढे जोडलं, “पण तुझ्याकडून तिला राख मिळायला नको होती.” दोन्ही वाक्यं मला पटतात.

बरेच दिवस घोळवल्यावर मी राखेचा खेळ ठेवला आणि त्याचा शेवट बदलला. आता मूठ उघडते, राख दिसते, टेबलावर तो श्वास अडकल्याचा क्षण येतो, आणि तो पुरता संपू देऊन मी म्हणते, “ही राख माझ्या बोटावरून तुमच्या हातावर आली. मंत्र नाही, भूत नाही, मी ठेवली. कधी ठेवली ते मात्र सांगणार नाही.” आणि ओला रुमाल पुढे करते, राख तिथेच पुसून घेते. मॅनेजरला हे पसंत नाही, हॅलोवीनची मजा जाते म्हणतो. मजा कमी होईल अशी धाकधूक मलाही होती. काही टेबलांवर होतेही, विशेषतः तरुण जोडप्यांच्या. पण मुलं असलेल्या टेबलांवर उलटंच होतं. एकदा बोट म्हणून सांगितलं की मुलं बोटावरची नजर हलवत नाहीत, पुन्हा करायला लावतात, आणि तरीही निसटतं तेव्हा त्यांना जो आनंद होतो तो भुताच्या नावानं होणाऱ्या आनंदाहून कितीतरी जास्त मोकळा असतो. मॅनेजरला मी सांगितलं आहे की या ऑक्टोबरला बोलवायचं तर या वाक्यासकट बोलवा. त्यानं शनिवारची तारीख लिहून घेतली.

गेल्या महिन्यात बाबांना तिथे जेवायला नेलं. सूप यायच्या आधी मी त्यांच्यासमोर चिठ्ठी ठेवली. त्यांनी लिहिलं, घडी केली, वाटीत जळताना चष्मा वर करून बघत बसले. हा खेळ कसा होतो ते त्यांना पुरतं ठाऊक आहे, मीच सांगितलंय. मूठ उघडली, राख होती. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी तळहात दिव्याखाली धरून पाहिला, माझी बोटं उलटसुलट करून पाहिली.

“अर्धंच सांगतेस तू,” ते म्हणाले.

“हो. अर्धंच.”

त्यांनी रुमालानं हात पुसला आणि बाही वर सारून तो पुन्हा माझ्यापुढे धरला. “कर परत. या वेळी मी बघतोय.”